उसनी माती

तळं मागं हटलं आणि कुनिहिराला तिचं मिठाचं आगर परत दिसलं. पण ते दिसून न दिसल्यासारखंच होतं. जिथं तिच्या आईनं आणि आईच्या आईनं अंगणासारखी सपाट माती राखली होती, तिथं आता वाळू, कुजलेलं पाणगवत आणि शिंपल्यांचा खच पडला होता. हद्दीचे दगड तेवढे जागच्या जागी होते. दगडांना तळ्याचं काय भय!

वर कडा, खाली तळं आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमचं गाव. जमिनीतून गरम खारट पाण्याचे झरे येतात, त्यामुळे शेत पिकत नाही, केळ धरत नाही. पुरुष मासे धरतात आणि बायका मीठ काढतात. झऱ्याच्या ओलीवर सुकी माती पसरायची. ऊन तापलं की ती माती खालचा खार वर ओढून घेते. मग ती खरवडून बुडाला भोकं असलेल्या मडक्यात भरायची, वरून पाणी ओतायचं, आणि खाली गळेल ते खारवणी चुलीवर कढवायचं. धुतलेली माती पुन्हा आगरात. माती बदलायची नाही, विकायची नाही, टाकायची तर नाहीच. जुनी माती म्हणजे विरजण. विरजण असलं तर नव्या मातीलाही खार धरता येतो. नसलं तर वर्षभर राबलं तरी चिमूटभर मीठ निघत नाही.

हे आगर बाईचं. आईकडून लेकीकडे जातं. पुरुषाचा त्यात सरपण आणून टाकण्याइतकाच हक्क.

तळं चढायला लागलं तेव्हा कुनिहिराची मावसबहीण कबासिता पहिल्याच दिवशी हलली. तिचं आगर कुनिहिराच्या आगराला लागूनच. तिच्या घरात बायकांची फौज, दोन लेकी आणि तीन सुना. सगळ्यांनी मिळून पाट्यांनी माती उपसली आणि कड्याच्या पोटाशी नेऊन ताडपत्रीखाली झाकली. कुनिहिरा बांधावर उभी राहून हसली होती. "पळा गं पळा, तळं आलं! अगं, तळं दरसाल येतं आणि लाजून परत जातं." ते चार जणींनी ऐकलं आणि गावभर झालं. त्या साली तळं लाजलं नाही. कुनिहिरा पाटी घेऊन धावली तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि लेक केमिगिसा कड्यावरच्या शहरात, होइमाला, नवऱ्याच्या घरी होती. एकटी बाई पाण्यातून किती माती उचलणार? उचललेली पाटी वर येईपर्यंत निम्मी वितळायची.

त्या दिवसापासून दोघी बहिणींनी एकमेकींना मायेच्या नावानं हाक मारली नव्हती. आमच्याकडे प्रत्येकाला असं एक दुसरं नाव असतं, भेटलं की विचारपूस करायची ती त्या नावानं. कुनिहिराचं अब्वोली, कबासिताचं अकीकी. ते नाव टाळून नुसतं "कशी आहेस?" म्हणणं म्हणजे पानात वाढून मीठ न देणं. दोघी दोन-अडीच वर्षं तशाच जेवल्या.

आता गावच्या म्हाताऱ्या बायांनी ठरवलं होतं, या उन्हाळ्यात जिच्या आगरावर जुनी माती पडेल तिचं आगर तिचंच राहील. ज्यावर पडणार नाही ते माती असलेलीला द्यायचं. माती होती कबासिताकडे.

"जा आणि माग तिच्याकडं," कुनिहिराचा नवरा इसिंगोमा म्हणाला. मासेमारीत त्याची कंबर कामातून गेली होती. दिवसभर तो दारात बसून लोकांची जाळी सांधायचा आणि तोंड चालवायचा. "चार पाट्या विरजण दिलं तर काय बिघडतंय तिचं?"

"तिचं काय बिघडणार! बिघडेल माझं. उसनी माती जिची, आगर तिच्या लेकीचं. मी मरेपर्यंत राबायचं आणि मी मेले की तिची पोर दगड धरून बसणार. मग माझ्या केमिगिसानं काय घ्यायचं, तुझी फाटकी जाळी?"

"केमिगिसाला पगार आहे की."

"पगार लेकीच्या लेकीला देता येतो होय रे?"

इसिंगोमानं दातानं दोरा तोडला. "बरं बाई. मग आपली माती आण. ती काय सगळीच वाहून गेली नाही. फुकटच्या घरात आहे की पडलेली."

कुनिहिरा त्याच्याकडे बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा नवरा काहीतरी कामाचं बोलला होता.

फुकटचं घर म्हणजे म्युझियम. शहरातल्या कुठल्याशा संस्थेनं गावाच्या वरच्या अंगाला, रस्ता कडा उतरतो तिथं, पत्र्याची दोन दालनं बांधली होती. बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आमच्या मिठाच्या धंद्याची माहिती इथं मिळेल आणि प्रवेश सर्वांना मोफत आहे. ते वाचून आमची माणसं खूप हसली. जो धंदा रोज करतो तो बघायला पैसे मागायची कुणाची छाती होती! गावातलं कुणी तिकडं फिरकलं नाही. ते उघडलं तेव्हा, तळं चढायच्या आधी, तिथले राखणदार कातुरामू गुरुजी पाट्या घेऊन कुनिहिराकडे आले होते. शाळेतून निवृत्त झालेला गरीब माणूस. म्हणाले, आत एक छोटं आगर मांडायचंय, खरी माती पाहिजे, आणि तुझ्यासारखी माती गावात नाही. कुनिहिरा फुगली. तिनं आईचं मडकं, खरवडायचा पत्रा आणि चांगल्या शिगोशीग पाट्या भरून माती दिली. "उसनी देते हं गुरुजी," ती म्हणाली होती. गुरुजी हसले होते. तीसुद्धा हसलीच होती.

पुढं तळ्यानं आगरं बुडवली आणि केमिगिसाला नवऱ्यानं परत पाठवलं. गुरुजींनी तिला म्युझियमात कामाला लावलं. झाडायचं, पुसायचं, आणि पाहुणे आले की सांगायचं. त्या पगारावरच घर उभं होतं. तरी कुनिहिरा लेकीचं काम बघायला कधी गेली नाही. बुडालेल्या आगराची भांडी भिंतीला लावलेली बघायला तिचं मन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकात एक अशा दोन पाट्या डोक्यावर घेऊन गेली. दारात तिनं चपला काढल्या. आतली फरशी थंड होती. शहरातून आलेली कॉलेजची मुलं-मुली दाटीनं उभी होती आणि त्यांच्यापुढं निळा शर्ट घातलेली केमिगिसा काठीनं एकेक वस्तू दाखवत होती. इंग्रजीत बोलत होती. कुनिहिराला त्यातलं फारसं कळलं नाही, पण लेकीचा आवाज तिनं इतका मोठा आणि इतका ठाम कधी ऐकला नव्हता. ती मागं भिंतीला टेकून ऐकत राहिली.

मग तिला मडकं दिसलं. तिच्या आईचं गळतं मडकं, काठाला टवका उडालेलं, घासूनपुसून लाकडी चौरंगावर ठेवलेलं. कुनिहिरानं त्याच्या बुडाखाली हात धरला. कोरडं. ते मडकं कोरडं असायची वेळ तिच्या आठवणीत नव्हती. वरती तिच्या आईचा मोठा फोटो होता, ओणवी होऊन माती खरवडतानाचा. खाली एक ओळ लिहिली होती.

"काय लिहिलंय गं?" तिनं शेजारच्या मुलीला विचारलं.

"मीठ काढणारी बाई, आजी."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या मुलीनं फोटोतल्या बाईकडं पाहिलं, मग कुनिहिराच्या डोक्यावरच्या पाट्यांकडं पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. "आजी, जरा इकडं फोटोखाली उभ्या राहता? पाटी अशी धरा. नाही, नाही, हसू नका." भराभर मोबाईल वर झाले. कुनिहिरा पाटी धरून उभी राहिली. कुणीतरी गुरुजींना विचारलं, या बाई रोज असतात का इथं? त्यावर गुरुजी काहीतरी पुटपुटले. केमिगिसानं आईला पाहिलं आणि तिच्या हातातली काठी खाली आली.

मुलं बाहेर झाडाखाली डबे खायला गेली तेव्हा कुनिहिरा दोरी ओलांडून आत गेली. लाकडी चौकटीत तिची माती होती. वर धूळ, कडेला कुणीतरी टाकलेला गोळीचा कागद. ती उकिडवी बसली आणि तिनं मूठभर माती उचलली. दिसायला तशीच होती, करडी, गव्हाच्या कण्यांसारखी. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवलेही नाहीत.

"गुरुजी, माती न्यायला आले."

कातुरामू गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अब्वोली, असं कसं? संस्थेची माणसं आली तर मी काय दाखवू त्यांना?"

"रस्त्याची माती दाखवा. त्यांना काय कळतंय! तुमच्या भिंतीवरच्या बाईला नाव नाही ते तरी त्यांना कुठं कळलं?"

गुरुजी खाली बघू लागले. "नाव कुणी विचारलंच नाही गं. मीही राहू दिलं. चुकलं माझं."

"मग आता माती द्या. उसनी म्हणूनच दिली होती. तुम्ही हसला होता, मला आठवतंय."

"आई, नको," केमिगिसा एकदम म्हणाली.

"काय नको?"

"ही माती... नको नेऊस. मावशीकडं माग त्यापेक्षा."

कुनिहिरा उठली. "तुझी नोकरी जाईल म्हणून होय? तुझ्या आजीनं या मातीवर तुझ्या आईला वाढवलं आणि तुला निळ्या शर्टाची पडलीये! लाज वाटू दे."

गुरुजींसमोर आणि दारातून डोकावणाऱ्या दोन मुलींसमोर आई असं बोलली होती. केमिगिसानं पाटी उचलली आणि माती भरायला बसली.

त्या दोघींनी चढ-उताराच्या त्या रस्त्यानं दिवसभर माती वाहिली. शेवटी चौकटीत नुसती फरशी उरली. गुरुजींनी तीवर रस्त्याकडेची तांबडी माती टाकून घेतली. ती अगदीच वेगळी दिसत होती.

पुढचे दिवस राबण्याचे. कुनिहिरानं आगरातली वाळू उपसली, कुजलेलं गवत ओढून काढलं, शिंपल्यांनी तिच्या टाचा चिरल्या. नवी माती कड्याखालून आणली, हातानं चुरली, चाळली आणि तीत जुनी माती कालवली. जुनी थोडी, नवी फार. भाकरीच्या पिठात हात फिरवावा तशी ती कालवत बसायची. केमिगिसा काम सुटलं की यायची आणि अंधार पडेपर्यंत वाकून राबायची. आईनं "बस कर" म्हटलं तरी थांबायची नाही. कुनिहिराला वाटलं, पोरीला म्युझियमातलं बोलणं लागलंय. लागू दे, ती म्हणाली मनात, थोडं लागलेलं बरं असतं.

शेजारच्या आगरात कबासिता आणि तिच्या लेकी-सुना होत्या. त्यांच्या मातीवर चौथ्या-पाचव्या दिवशी खाराची पांढरी फुली धरली. कबासिता पाठ सरळ करताना इकडं एक नजर टाकायची, पण बोलायची नाही. तिच्या धाकट्या सुनेला मात्र राहवलं नाही. "मावशी, म्युझियमातली माती हाय म्हणं तुमची! मग आता तुमच्या मिठालाबी तिकीट नसंल!" सगळ्या हसल्या. कुनिहिराही हसली. तिची माती तिच्या पायाखाली होती, तिला आता कुणाचं काही लागत नव्हतं.

दहाएक दिवसांनी तिच्याही आगरावर फुली धरली. दाट नाही, तांदळाच्या धुवणासारखी पातळ, पण धरली. इसिंगोमा कुबडी टेकत बांधापर्यंत आला आणि त्यानं जीभ लावून बघितली. "खारट आहे," तो म्हणाला, जणू त्यानंच खारट केली होती. त्या संध्याकाळी घरात सुकी मासळी भाजली, कसाव्याच्या मऊ गोळ्याबरोबर तिघांनी पोटभर खाल्ली, आणि कुनिहिरा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं बोलली. पुढल्या साली हद्दीवर नवा दगड घालू, मडकं मोठं करून घेऊ, तू नोकरी सोडू नकोस पण सकाळच्या वेळी आगर बघ. केमिगिसा मान हलवत होती. तिनं मासा अर्धाच खाल्ला.

सकाळी त्यांनी माती खरवडली, गळत्या मडक्यात भरली आणि वरून पाणी ओतलं. खाली पातेल्यात थेंब थेंब पडू लागले. पातेल्याचं बूड झाकण्याइतकं खारवणी साठलं आणि कुनिहिरा वाकून बघू लागली. पाण्यावर काहीतरी चमकत होतं. निळं, जांभळं, पिवळं, उन्हात हलणारं.

"हे काय गं?"

केमिगिसानं पातेल्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"होडीच्या इंजिनाचं असेल. तळ्याबरोबर वर आलं असेल," कुनिहिरा स्वतःशीच म्हणाली. तिनं फडक्यानं वरचा तवंग टिपला आणि पातेलं चुलीवर ठेवलं. पाणी कढायला लागलं तसा वास सुटला. होडीचं इंजिन जळतं तसा वास, डोळ्यांत जाणारा. पातेल्याच्या कडेला मीठ धरलं ते काळपट, चिकट. कुनिहिरानं बोटानं उचलून जिभेवर ठेवलं आणि थुंकली.

तोवर शेजारच्या बायका काम थांबवून बघू लागल्या होत्या.

"आई, मी घातलंय ते," केमिगिसा म्हणाली.

"काय घातलंस?"

"इंजिनाचं जळकं तेल. म्युझियमात. चौकटीला वाळवी लागली होती, मातीतून वर चढत होती. गुरुजी गावाला गेलेले. मला वाटलं वाळवीनं तुझी माती खाल्ली तर... म्हणून शिंपडलं. मग वाळवी गेली. धूळही उडायची बंद झाली. मग मी पहिलं वर्षभर दर महिन्याला थोडं थोडं शिंपडत राहिले. जपायचं म्हणून गं आई. तुझी माती म्हणून जपत होते. वास तर कधीच उडून गेला होता. मला वाटलं, ऊन लागलं की राहिलंसाहिलं निघून जाईल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगत होते. तू म्हणालीस, नोकरी..."

कुनिहिरानं हात उचलला. तो तसाच हवेत राहिला आणि मग तिनं तो स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. ती म्हणालीच होती. लेकीचं तोंड तिनंच बंद केलं होतं, गुरुजींच्या पुढ्यात, सगळ्या जगाच्या पुढ्यात. ज्या मातीच्या तोऱ्यात तिनं कबासिताला हसून घेतलं त्याच तोऱ्यात तिनं लेकीलाही गप्प बसवलं. ती चुलीजवळच खाली बसली. केमिगिसा रडत होती. तिला जवळ घ्यावं असं कुनिहिराला वाटत होतं आणि तिचा हात काही केल्या उठत नव्हता.

इसिंगोमाला कळलं तेव्हा त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. "आपलेच दात, आपलेच ओठ," तो एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी कुनिहिरा कबासिताच्या अंगणात गेली. कबासिता बकरीला पाला घालत होती. कुनिहिरा अंगणाच्या कडेला उभी राहिली. मागायला येणारीनं कडेलाच उभं राहायचं असतं.

"अकीकी," ती म्हणाली.

कबासितानं पाला खाली टाकला. तिनं वळून बघितलं. बकरीनं पाला ओढून घेतला.

"काय म्हणालीस? ऐकू कमी येतंय मला. तळं आलं तेव्हापासून."

"अकीकी म्हणाले. माती दे उसनी. विरजणापुरती."

"पळा गं पळा, तळं आलं, असं कोण म्हणालं होतं गं बांधावरून? माझ्या सुना अजून म्हणतात, मुलं रडायला लागली की."

"मीच म्हणाले होते. माझी जीभ झडली नाही म्हणून आज मागायला आले."

कबासिता हसली नाही. ती जवळ आली आणि तिनं कुनिहिराच्या चिरलेल्या टाचांकडं बघितलं. "ये, आत ये, अब्वोली. उन्हात काय उभी राहतेस."

आत तिनं भुईमुगाची वाटी पुढं ठेवली. दोघींपैकी एकीनंही दाणा उचलला नाही.

"माती देईन," कबासिता म्हणाली. "पण तुझी ती तेलकट आधी काढ. पार खालपर्यंत खरवडून काढ. माझी माती मी तेलावर टाकणार नाही."

"काढते."

"आणि रीत तुला ठाव आहे. तुझ्यामागं आगर माझ्या लेकीचं."

"आहे."

"मी मागत नाही गं आगर. माझ्या लेकींना माझंच पुरतंय. पण मी रीत सोडली तर उद्या दुसरी कुणी माती देताना दहादा विचार करेल. म्हाताऱ्या मलाच नावं ठेवतील." ती जरा थांबली. "केमिगिसाचं वाईट वाटतं. लहानपणी माझ्या आगरात येऊन खेळायची. मी हाकलायची तिला."

कुनिहिरानं मान हलवली. तिला रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण आलं नाही.

तेलकट माती खरवडायला मायलेकींना तीन दिवस लागले. आता तिचं करायचं काय? कबासिताच्या सुना म्हणाल्या, तळ्यात टाका. कुनिहिरानं पाटी भरून तळ्याच्या काठापर्यंत नेली आणि तशीच परत आणली. आमच्या गावात आजवर कुणी आगराची माती टाकून दिलेली नव्हती. तिच्या हातून ते पहिल्यांदा व्हायला नको होतं.

"वर घेऊन चल," ती लेकीला म्हणाली. "जिथून आणली तिथं."

पुन्हा तोच चढ. या वेळी पाट्या हलक्या वाटायला हव्या होत्या, पण तशा वाटल्या नाहीत. गुरुजींनी काही न विचारता तांबडी माती बाहेर उपसून दिली. कुनिहिरा दोरी ओलांडून चौकटीत गुडघ्यांवर बसली आणि तिनं भिंतीवरून आईचा खरवडायचा पत्रा मागून घेतला. गुरुजींनी खिळ्यावरून काढून दिला. ती माती पसरू लागली, आगरात पसरतात तशीच, कडेकडेनं आत, एक सपाट हात मारून मग पत्र्यानं साफ करत. इतकी नीट पसरायची गरज नव्हती. तिथं खाली झरा नव्हता, वर ऊन नव्हतं, पत्र्याचं छप्पर होतं. तरी ती पसरत राहिली. केमिगिसा बाजूला उभी राहून पाट्या झटकत होती.

तेवढ्यात गाडी आली. शहरातली एक बाई आणि तिच्यामागं शाळेची मुलं. केमिगिसानं डोळे पुसले, निळ्या शर्टाची गुंडी लावली आणि काठी हातात घेतली. आधी मडकं, मग चूल, मग फोटो. आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता, पण ती सांगत होती. चौकटीपाशी आली तेव्हा ती बाई पुढं झाली. आमच्याच भाषेत बोलत होती, आमच्या गावची नसली तरी आसपासची असावी.

"आगरं बायकांची असतात ना? आईकडून लेकीला?"

"हो."

"मग हे कुणाचं?"

काय सांगावं? केमिगिसाला मजकूर पाठ होता, पण हे त्यात नव्हतं. गुरुजींनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

कुनिहिरानं पत्रा खाली ठेवला. गुडघे मातीत रुतले होते, ते सोडवत ती उभी राहिली आणि तिनं हात लेकीच्या दंडाला पुसला.

"हिचं," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं आहे हे."

त्या बाईला फार बरं वाटलं. "छान!" ती म्हणाली आणि दोघींना जरा जवळजवळ उभं राहायला सांगून तिनं फोटो काढला.